मीटर बारा व्होल्ट दाखवतो, तरी इंजिन त्याच वळणावर का बसतं?

मॉडेल रेल्वेची तक्रार घेऊन येणाऱ्या दहातल्या आठ जणांचं म्हणणं एकाच चालीवर असतं. कंट्रोलरजवळ गाडी झकास पळते. पलीकडच्या वळणावर गेली की दम टाकते, हेडलाइट मंद होतो आणि एका ठरावीक जोडावर ती बसतेच. बोटाने रूळ जरासा दाबला की पुन्हा सुरू. मग रूळ पुसायचे, थोडे दिवस बरे जातात, आणि एक दिवस गाडी परत तिथेच. मल्टिमीटर लावला तर चक्क १२ व्होल्ट. कंटिन्युइटीला (वाट जोडलेली असेल तर बझर वाजवणारी मीटरची सोय) लावला तर सगळीकडे बीप. मग "वायरिंग ओके आहे, इंजिनच गेलं" असा निकाल लागतो आणि बिचारं इंजिन टेबलावर उघडं पडतं.

इंजिन उघडायची घाई करू नका. गाडी रोज एकाच जागी बसत असेल तर दोष त्या जागेत असण्याची शक्यता फार मोठी. इंजिनाचा दोष असता तर तो इंजिनाबरोबर सगळीकडे फिरला असता.

मग मीटर १२ का दाखवतो? चांगल्या डिजिटल मीटरच्या आत १० मेगाओहमचा रोध असतो, त्या स्वस्त पिवळ्या मीटरमध्ये १ मेगाओहम. म्हणजे १२ व्होल्टला मीटर खेचतो किती, तर एक ते बारा मायक्रोअँपिअर. एवढ्याशा करंटला वाटेतला खराब जोड जाणवतसुद्धा नाही. समजा जोडात १०० ओहमचा रोध आहे. मीटरच्या करंटने तिथे फार तर एक-सव्वा मिलिव्होल्ट गळेल, पडद्यावर १२.०० जसेच्या तसे. इंजिन मात्र ०.३ ते ०.५ अँपिअर मागतं. जोडात अगदी ५ ओहम असले, तरी ०.४ अँपिअरला २ व्होल्ट तिथल्या तिथे गेले. असे दोन-तीन जोड ओळीने आले की इंजिनापर्यंत पोहोचतात सहा-सात व्होल्ट, आणि डबे मागे असले की ते बसतं.

मोटरसायकलच्या बॅटरीसारखंच हे: मीटरला साडेबारा दाखवते आणि सेल्फ मारला की नुसतं टक्.

बझरचं तर विचारूच नका. बहुतेक मीटर साधारण ३० ते ७० ओहमच्या खाली काहीही सापडलं की वाजतात. ५ ओहमला बीप, ०.०५ ओहमलाही तोच बीप. तार पार तुटली आहे का, किंवा दोन रूळ कुठे एकमेकांना लागलेत का, एवढंच शोधायला बझर कामाचा. जोड चांगला आहे की वाईट, हे त्याला विचारू नका.

लोड टाकून तपासा

उपाय स्वस्त आहे. गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून १२ व्होल्टचा एक बल्ब आणा. नाशिकमधून आग्रा रोडच जातो, अशा दुकानांची काही वाण नाही. लहान ट्रेन सेटबरोबर आलेला कंट्रोलर असेल तर ५ वॉटचा पार्किंगचा बल्ब घ्या, तो ०.४ अँपिअर खातो. एक अँपिअर किंवा जास्तीचा कंट्रोलर असेल तर बाइकच्या इंडिकेटरचा १० वॉटचा घ्या, तो ०.८ अँपिअरच्या आसपास. डीसीसी सिस्टिम (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी) ३ किंवा ५ अँपिअरची असेल तर २१ वॉटचा. दुकानदार हल्ली हातात एलईडी टेकवतो. "तारेचा, फिलामेंटचा द्या" असं ठणकावून सांगा. एलईडी इतका कमी करंट घेते की मीटरची जी गत, तीच तिची.

होल्डर शोधत बसू नका. बल्बच्या पितळी टोपीला एक आणि बुडाच्या टिपेला एक वायर सोल्डर करा, दुसऱ्या टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावा. बल्ब चांगलाच तापतो, तेव्हा तो रुळांखालच्या प्लॅस्टिकच्या आडव्या पट्ट्यांवर (स्लीपरवर) किंवा थर्माकोलच्या डोंगरावर टेकवू नका. फरशीच्या तुकड्यावर ठेवा.

आता इंजिन आणि डबे सगळे ट्रॅकवरून उतरवा. आधी कंट्रोलरच्या आउटपुटलाच बल्ब लावून थ्रॉटल पूर्ण उघडा आणि व्होल्टेज लिहून ठेवा. हा तुमचा मूळ आकडा. मग ट्रॅक जोडा, बल्ब लेआउटच्या सगळ्यात लांबच्या टोकाला रुळांवर लावा आणि तिथेच, बल्ब पेटलेला असताना, पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला दोष देऊ नका. एक व्होल्टच्या वर गेला तर चोर वाटेत बसलाय.

चोर पकडायची पद्धत ऑटो इलेक्ट्रिशियन लोक रोज वापरतात. बल्ब लांबच्या टोकाला पेटताच ठेवायचा. मीटर डीसीच्या २ व्होल्टच्या रेंजवर घ्यायचा (डीसीसीचं मोजमाप वेगळं, ते पुढे सांगितलंय). एक प्रोब जोडाच्या अलीकडे एक सेंटिमीटरवर आणि दुसरा जोडाच्या पलीकडे, त्याच रुळावर. मीटर जे दाखवेल तेवढे व्होल्ट त्या एका जोडात वाया जाताहेत. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्ट. ०.०५ च्या वर दिसलं की तिथे खडूने खूण करा. असं एकेक जोड करत कंट्रोलरपासून बल्बपर्यंत जा, मग दुसऱ्या रुळाने परत या. प्रोबचं टोक रुळावर घट्ट टोचा, नाहीतर रुळावरच्या मळाचाच हिशेब लागेल.

नाशिकच्या जेल रोडला एका घरी हे करून बघितलं तेव्हाचे आकडे देतो, म्हणजे अंदाज येईल. भिंतीलगत फळीवर चारेक मीटरचा सरळ लेआउट, एचओ (मॉडेलचं एक प्रचलित माप), कोड १०० चा (कोड म्हणजे रुळाची उंची) फ्लेक्स, म्हणजे हवा तसा वाकणारा ट्रॅक, फीड (कंट्रोलरकडून येणारी वीज) फक्त एका टोकाला. बल्ब १० वॉटचा. कंट्रोलरपाशी ११.६ व्होल्ट, लांबच्या टोकाला ८.९. आठ जोडांपैकी सहा निर्दोष, ०.०१ ते ०.०३ च्या दरम्यान. एका जोडावर ०.५. आणि खिडकीजवळच्या एका जोडावर तब्बल १.४ व्होल्ट! तो जोड बोटाने दाबला की आकडा धाडकन ०.१ वर यायचा आणि समोर बल्ब उजळायचा. बोट काढलं की परत मंद. दिसायला तो जॉइनर (रुळाचे दोन तुकडे जोडणारी पत्र्याची पट्टी) बाकीच्यांइतकाच चकचकीत होता.

त्या घरातले आजोबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. नातू लगेच नवीन जॉइनरचं पाकीट मागवायला निघाला, तसे आजोबा म्हणाले, "अरे, फिशप्लेटच्या भरवशावर करंट आम्ही खऱ्या रुळातसुद्धा सोडत नव्हतो. तू कशाला सोडतोस?"

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. खऱ्या रेल्वेत ट्रॅक सर्किट रुळांतूनच चालतं: गाडी रुळावर आली की तिच्या चाकांमुळे दोन रूळ एकमेकांना जोडले जातात, रिले (विजेवर चालणारा स्विच) पडतो, सिग्नल लाल राहतो. त्या करंटला जोड आडवा येऊ नये म्हणून फिशप्लेटच्या (दोन रूळ जोडणाऱ्या लोखंडी पट्टीच्या) जोडाला वळसा घालून तारेचे बाँड दोन्ही रुळांत ठोकलेले असतात. स्टेशनवर फलाटाच्या टोकाला उभं राहून पॉइंटच्या (गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळते त्या जागेच्या) आसपासचे जोड न्याहाळलेत तर ते दिसतील (फलाटावरूनच, रुळावर उतरायचं काम नाही). फिशप्लेटने रूळ एका रेषेत धरायचे आणि करंट तारेने न्यायचा, अशी कामाची सरळ वाटणी. आपल्या चिमुकल्या जॉइनरकडून मात्र आपण दोन्ही कामं फुकटात करून घ्यायला बघतो.

म्हणून नवीन जॉइनर घालणं हा उपाय टिकत नाही. नवा जॉइनर घट्ट असतो, काही महिने छान चालतो. मग तापमानाने रूळ सरकतात, पातळ पत्रा सैलावतो, आत दमट हवा शिरते, आणि तक्रार पुन्हा दारात. ही समस्या परत परत का येते याचं उत्तर एवढंच आहे.

बस आणि ड्रॉपर

कायमचा इलाज म्हणजे टेबलाखालून दोन जाड तारा आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिथून वर आलेली आपली स्वतःची बारीक वायर. खालच्या जाड तारांना बस म्हणतात, वर येणाऱ्यांना ड्रॉपर.

आकड्यांत सांगायचं तर, मॉडेलचे रूळ निकेल सिल्व्हरचे असतात आणि हा मिश्रधातू तांब्याच्या मानाने करंटला पंधरा ते वीस पट अडवतो. कोड १०० च्या एका रुळाचा रोध ढोबळमानाने मीटरला ०.१ ओहम धरा. कोड ८३ चा रूळ बुटका, त्याचा याहून जास्त. घरातल्या लाइटिंगला वापरतात त्या दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला ०.०१२ ओहम. म्हणजे आठपट फायदा, शिवाय वाटेत एकही सरकता जोड नाही. खोलीभर लेआउट असेल किंवा ५ अँपिअरचा डीसीसी असेल तर अडीच स्क्वेअर घ्या. घरात बसणाऱ्या लेआउटला त्याहून जाड वायर म्हणजे पैसे जास्त झाल्याचं लक्षण.

ड्रॉपर ०.५ स्क्वेअरची, सिंगल कोअर, लांबी वीतभर. फ्लेक्स ट्रॅकचा तुकडा सुमारे ९१ सेंटिमीटरचा असतो. अशा प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही रुळांना एकेक ड्रॉपर. "एवढे कशाला, एकाआड एक देऊ" असं सगळ्यांनाच वाटतं. एकाआड एक दिलेत तर मधल्या तुकड्याला करंट पुन्हा जॉइनरमधूनच जाणार.

सोल्डरिंगला लोक उगाच घाबरतात. रुळाची बाहेरची बाजू घ्या, कारण चाकाची कड आतून धावते. तेवढी जागा पॉलिश पेपरने घासून उजळ करा. वायरचं टोक सोलून, काटकोनात वाकवून, आधीच त्याला कथील चढवून ठेवा. दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवा म्हणजे उष्णता स्लीपरपर्यंत जात नाही. आणि सोल्डरिंग आयर्न दुबळा नको. २५ वॉटचा आयर्न रुळावर टेकवून दहा सेकंद वाट बघाल तेवढ्यात स्लीपर वितळतील. ५० ते ६० वॉटचा स्वच्छ टिपेचा आयर्न दोन सेकंदांत काम उरकतो. फ्लक्स राळेचाच हवा. पत्र्याच्या कामाचं ॲसिड फ्लक्स वापरलंत तर जोड आज मस्त दिसेल आणि पावसाळ्यात हिरवा पडेल.

बसला ड्रॉपर जोडताना नुसता पीळ देऊन टेप गुंडाळणं नको. उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो, पावसाळ्यात पीळ काळा पडतो, आणि तो जोड टेबलाखाली, जिथे मान घालायलाही जीवावर येतं. सोल्डर करा, नाहीतर स्क्रूची कनेक्टर पट्टी लावा.

लाल आणि काळ्याची गल्लत टाळायला एक युक्ती फार उपयोगी पडते. एका डब्याच्या एका बाजूला लाल टिकली चिकटवा. डबा ट्रॅकवर ठेवून हाताने ढकलत न्या, उचलून फिरवू नका. टिकलीच्या बाजूचा रूळ लाल, मग ट्रॅक कसाही वळो, आठचा आकडा घेवो की पुलावरून उलटा येवो. डबा फिरून मूळ जागी आला आणि टिकली दुसऱ्याच रुळावर दिसली, तर तुमच्याकडे रिव्हर्स लूप, म्हणजे गाडीला उलट तोंडाने परत आणणारा फेरा आहे. त्या लूपची दोन्ही टोकं दोन्ही रुळांना प्लॅस्टिक जॉइनर घालून तोडावी लागतील आणि तिला वेगळा फीड द्यावा लागेल. तसं न करता जोडलंत तर पहिल्याच क्षणी शॉर्ट.

प्रत्येक ड्रॉपर लावला की लगेच बझरने दोन रुळांत शॉर्ट नाही ना बघा. इथे बझर खरा कामाचा. पण त्या वेळी ट्रॅकवर इंजिन ठेवू नका. मोटरच्या गुंडाळीतूनही बीप येतो आणि तुम्ही नसलेला शॉर्ट शोधत बसता. सगळ्या वायरी लावून शेवटी तपासायचं ठरवलंत आणि शॉर्ट निघाला, तर बस मधोमध तोडून अर्धा-अर्धा भाग तपासा, ज्या अर्ध्यात बीप आहे त्याचे पुन्हा दोन भाग. पाच-सहा वेळा अर्धं केलं की हाताला लागतं. बहुधा आडवी पडलेली टाचणी, नाहीतर उलट्या रुळाला गेलेला एखादा ड्रॉपर.

सुरक्षेची एकच गोष्ट, पण ती पाळाच. ट्रॅकच्या वायरिंगला घरातल्या २३० व्होल्टच्या पिना आणि सॉकेट वापरू नका. "दोन पिनची पडलीच आहे" म्हणून लावलेली पिन एखादं पोर एक दिवस भिंतीत खुपसतं, आणि मग रूळ, इंजिन, हात लावणारा माणूस, सगळंच २३० वर. हिरवी वायरही बससाठी घेऊ नका. आपल्याकडे हिरवी म्हणजे अर्थिंग.

जेल रोडच्या लेआउटला दीड स्क्वेअरची बस आणि प्रत्येक तुकड्याला ड्रॉपर घातल्यावर लांबच्या टोकाचा आकडा ११.४ आला. खिडकीजवळचा सैल जॉइनर तसाच ठेवला. त्याच्याकडे आता रूळ सरळ धरण्याचंच काम उरलंय.

खडी टाकल्यावर बिघडलं

ही तक्रार वेगळी ओळखा. ट्रॅक महिनोन्‌महिने नीट चालला, मग रुळांत खडी टाकली, फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून थेंबाथेंबाने सोडला, आणि वाळल्यावर अर्धा लेआउट मेला. पातळ फेव्हिकॉल सगळ्यात आधी जातो तो जॉइनरच्या फटीत आणि पॉइंटच्या जिभांच्या (गाडी वळवायला सरकणाऱ्या टोकदार रुळांच्या) मुळाशी. वाळला की तो उत्तम इन्सुलेटर. आधी ड्रॉपर, मग लोडची चाचणी, मग खडी, हा क्रम चुकवू नका. पॉइंटच्या जिभांना खडी टाकण्याआधी तेलाचा पुसट हात लावला तर गोंद धरत नाही. नंतर ते पुसून काढा.

पॉइंटवर थांबणारी गाडी हा निराळा विषय, पण सारखा विचारला जातो. अनेक पॉइंटमध्ये वीज जिभेपर्यंत पोहोचते ती जीभ बाजूच्या रुळाला टेकते म्हणून. त्या टेकणाऱ्या जागेवर रंगाचा थेंब, धूळ किंवा गोंद असला की पुढची सगळी लाइन मृत. बल्ब पॉइंटच्या पुढे लावा आणि काडीने जीभ रुळाकडे दाबा. उजळला तर निदान झालं. जागा पुसून भागतं, पण कायमचं हवं असेल तर पॉइंट मोटरच्या कॉन्टॅक्टमधून किंवा छोट्या स्विचमधून फ्रॉगला (पॉइंटमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला) स्वतंत्र वायर द्या.

पॉइंट एका बाजूला असताना सगळं ठीक आणि दुसऱ्या बाजूला टाकला की शॉर्ट, असं असेल तर तुमचा फ्रॉग धातूचा आहे आणि त्याच्या पुढच्या बाजूने कुठून तरी फीड येतोय. फ्रॉगच्या पुढे निघणाऱ्या आतल्या दोन्ही रुळांना प्लॅस्टिक जॉइनर घाला. प्लॅस्टिकचा फ्रॉग असेल तर शॉर्ट होत नाही, पण दोन अक्षांचं छोटं शंटिंग इंजिन हळू जाताना त्या मृत तुकड्यावर अडतं. सहा अक्षांचं लांब इंजिन मात्र खुशाल पार होतं, कारण त्याची काही चाकं कायम जिवंत रुळावर असतात. म्हणून लेआउटची परीक्षा घ्यायची तर सगळ्यात छोट्या इंजिनाने आणि सगळ्यात हळू. लांब इंजिन तुमचे सगळे दोष पोटात घालतं.

डीसीसी असेल तर

बस-ड्रॉपर तेच, निकष जास्त कडक. डीसीसीत रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज असतं, एचओला साधारण १४-१५, आणि शॉर्ट झाला तर बूस्टरने (रुळांना वीज पुरवणाऱ्या डीसीसीच्या यंत्राने) झटकन बंद पडायला हवं. वाटेत रोध जास्त असला तर तो बंदच पडत नाही. १५ व्होल्ट आणि वाटेत ३ ओहम, म्हणजे रुळावरून उतरलेल्या डब्यातून ५ अँपिअर वाहणार. ५ अँपिअरच्या बूस्टरला ते चालतं, त्याला शॉर्ट झाल्याचं कळत नाही. पाऊणशे वॉट उष्णता त्या वाटेवर निघत राहते आणि प्लॅस्टिकची बोगी वितळून बसते.

चाचणी सोपी: पाच रुपयांचं पिवळं नाणं दोन रुळांवर आडवं टाका. १६.५ मिलिमीटरच्या गेजवर (दोन रुळांतल्या अंतरावर) ते आरामात बसतं. बूस्टर तत्काळ ट्रिप झाला पाहिजे. लेआउटवर दर मीटरला, आणि प्रत्येक पॉइंटच्या पलीकडे, हे करा. जिथे ट्रिप होत नाही तिथे नाणं लगेच उचला आणि ड्रॉपर वाढवा. ट्रॅक सर्किट तपासतानाही रेल्वेचे लोक दोन रुळांत ठरावीक रोध आडवा टाकून रिले पडतो का ते पाहतात.

साध्या मीटरने डीसीसीचं व्होल्टेज एसी रेंजवर मोजलंत तर आकडा खरा येणार नाही, कारण तो मीटर ५० हर्ट्झच्या लाटेसाठी बनलेला आणि डीसीसीचा सिग्नल काही हजार हर्ट्झचा चौकोनी. पण एकाच मीटरने, एकाच रेंजवर घेतलेले दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडून बघायला हरकत नाही.

काही जणांकडे जुना डीसी कंट्रोलर आणि नवा डीसीसी, दोन्ही एकाच लेआउटला असतात. पूर्वी मुंबईकडून येणारा १५०० व्होल्ट डीसी आणि पुढचा २५ हजार व्होल्ट एसी इगतपुरीला भेटत, पण एकमेकांना शिवत नसत. तेवढीच शिस्त घरी पाळा. दोन्ही एका वेळी ट्रॅकला लागूच शकणार नाहीत असा डीपीडीटी स्विच (दोन्ही तारा एकदम इकडून तिकडे वळवणारा, मधल्या जागी बंद राहणारा) बसवा. अर्धा लेआउट डीसी आणि अर्धा डीसीसी ठेवून मधे नुसती फट सोडलीत, तर फटीवरून जाणारी चाकं दोन्ही जोडतात आणि भुर्दंड कंट्रोलर भरतो.

नाशिकची हवा

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत लेआउट असेल तर हे खास तुमच्यासाठी. जानेवारीतल्या पहाटे १० अंश आणि मे महिन्यातल्या दुपारी ४०. तीस अंशांच्या फरकाला तीन मीटर रूळ सुमारे दीड मिलिमीटर वाढतो. लाकडाचं उलटं, त्याला ऊन-थंडीपेक्षा दमटपणा जास्त छळतो; पावसाळ्यात प्लाय फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. म्हणून "एकदाचे सगळे जॉइनर सोल्डर करून टाकू" हा सल्ला इथे पाळू नका. मे महिन्यात वळणावरचा रूळ स्लीपरमधून उचकटून बाहेर येईल. वळणावर दोन तुकडे एकत्र सोल्डर करायला हरकत नाही, तिथे त्याने गोलाई चांगली येते. सरळ भागात मात्र जोड सरकते ठेवा आणि थंडीत ट्रॅक टाकत असाल तर जोडात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट सोडा. प्रत्येक तुकड्याला ड्रॉपर असला की फट पडली काय आणि जॉइनर सैल झाला काय, करंटचं अडत नाही.

गणपतीच्या आराशीत गाडी फिरवणाऱ्यांचा त्रास अजून वेगळा. दहा दिवसांसाठी टाकलेला ट्रॅक, त्यामुळे सोल्डर कोणी करत नाही, आणि ते ठीकच आहे. पण निदान समोरासमोरच्या दोन जागी फीड द्या. गोल ट्रॅकला करंट दोन्ही बाजूंनी पोहोचतो, एक बाजू बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते. दुसरीही सैल झाली की ऐन आरतीच्या वेळी गाडी मखराच्या मागे अडकते. शिवाय समईचं तेल, धूप, कापूर यांचा पुसट थर रुळांवर बसतो आणि त्यावर धूळ चिकटून काळी पट्टी तयार होते. रात्री गाडी बंद झाल्यावर सुती कापड व्हाइट स्पिरिटमध्ये किंचित ओलं करून रुळांच्या माथ्यावरून फिरवा, मग कोरड्या कापडाने पुसा. समई, निरांजन, उदबत्ती सगळं विझलेलं असू द्या आणि खिडकी उघडी ठेवा. भांडी घासायची पावडर किंवा जाड पॉलिश पेपर रुळाच्या माथ्याला लावू नका. चरे पडतात आणि पुढच्या वेळचा मळ त्या चऱ्यांत घट्ट बसतो. गाडीची चाकंही पुसा, नाहीतर तीच काळी पट्टी पुन्हा रुळांवर उतरवतात.

लांबच्या टोकाला बल्ब भक्क पेटतोय, पॉइंट निर्दोष, रूळ स्वच्छ, आणि तरी गाडी थांबते? आता इंजिन उघडायला परवानगी. तेच इंजिन उचलून, उलट दिशेने तोंड करून त्याच जागी चालवून बघा. दोन्ही तोंडांनी एकाच जागी थांबलं तर अजूनही ट्रॅकच दोषी, बहुतेक तिथे रूळ खचलेला आणि एखादं चाक अधांतरी. एकाच तोंडाने थांबलं तर इंजिनाच्या एका बाजूचे पिकअप बघा: चाकाच्या मागे टेकणारी ती पातळ पितळी पट्टी वाकली असेल, नाहीतर तिच्यात सतरंजीचा धागा गुंडाळला असेल. धागा चिमट्याने ओढून काढा, पट्टी चाकाला अलगद टेकेल इतपत वाकवा, आणि पुन्हा सगळ्यात हळू वेगावर त्याच जोडावरून न्या.